गोड, मचूळ, खारं

हिरामणकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गुडघाभर पाण्यात उभे राहून खाडी चाखत होते. ओंजळीत पाणी घेतलं, जिभेच्या शेंड्याला लावलं, गालात इकडून तिकडे फिरवलं, डोळे मिटले आणि डावीकडे तोंड करून हळूच सोडून दिलं. थुंकले नाहीत. खाडीत थुंकायचं नाही, असा त्यांचा नियम होता. बांधावर गावातली सात-आठ माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. मी घोडबंदर रोडवरच्या ऑफिसातून निघून, दोन तास ट्रॅफिकमध्ये कुजून, चिखलात सँडल रुतवत तिथे पोचलेले, आणि समोर हे. त्या पाण्यात काय काय मिसळतं ते आम्हा डोंबिवलीकरांना कोणी सांगायला नको.

"अहो काका, ते पाणी तोंडात घेऊ नका हो! घाण असतं ते!" मी वरून ओरडले.

त्यांनी एक डोळा उघडला. "तू चाखलंस?"

"मी कशाला चाखू?"

"मंग बोलतंस कशाला? आधी चाख, मंग बोल."

बांधावरची माणसं हसली. मला राग आला. मग त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "काका, पानी घ्यायचं ना आत?" काकांनी शर्टाच्या खिशातून औषधाची छोटी बाटली काढली, ती खाडीच्या पाण्याने भरली, बूच लावून पुन्हा खिशात टाकली आणि म्हणाले, "उद्या सकाली सांगतंव." कोणी हुज्जत घातली नाही. माणूस नीट विचार करून सांगतो, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. ती बाटली घरी कशासाठी जाते, हे विचारायचं मला दोन वर्षं सुचलं नाही, आणि मी म्हणे इंजिनियर.

गावाचं नाव सांगत नाही, कारण आता ते त्या नावाने कोणी ओळखतही नाही. डोंबिवली आणि ठाण्याच्या मधे, खाडीकाठी आगऱ्यांची वस्ती होती. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध आणि त्या बांधात पाण्यासाठी एक दार. त्या दाराला उघाडी म्हणतात. एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्या, बस्स, एवढंच ते दार. शेतात पाणी जास्त झालं की ओहोटीला फळ्या काढायच्या, भरतीला पुन्हा बसवायच्या. हे कोणालाही जमलं असतं. खरी मेख पुढे होती. पावसाळ्यात नदी फुगते तेव्हा खाडीचं पाणी गोड होतं. भादव्यात पावसाने ओढ दिली आणि भात पोटरीला आलेलं, लोंबी बाहेर पडायच्या बेतात असलं, की हेच पाणी भरतीच्या वेळी आत घेऊन पीक जगवायचं. पण पाऊस ओसरला की खाडी दिवसागणिक खारी होत जाते. आज घेतलेलं पाणी पीक वाचवतं, आणि तेच चार दिवसांनी घेतलं तर पीक मारतं, वर दोन-तीन वर्षं जमीन नासवून ठेवतं. तो नेमका दिवस ओळखायचं काम हिरामणकाकांच्या घराण्याकडे होतं. बापाकडून त्यांच्याकडे आलेलं. त्याबद्दल सुगीला प्रत्येक घर त्यांना सूपभर भात द्यायचं.

काकांचे शब्द तीनच. गोड, मचूळ, खारं. गोड म्हणजे फळ्या काढा, मचूळ म्हणजे थांबा, खारं म्हणजे आता पुढच्या पावसापर्यंत उघाडीला हात लावायचा नाही. आजूबाजूच्या गावांची शेतं कधीच भरावाखाली जाऊन त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या होत्या. एवढा एकच तुकडा उरलेला, आणि तो उरला होता पिकत होता म्हणून. बिल्डरची माणसं दर महिन्याला चहा प्यायला यायची. काका त्यांच्याशीही गोडच बोलायचे. ती गेली की मला म्हणायचे, "पिकतंय तवर हाय, पोरी. यक साल बुडालं ना, की ही सगली पोरं सही करतील. त्यांना निमित पायजे." ही भीती त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलेली. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आमच्या कंपनीला तिथे आधुनिक शेती करून दाखवायची होती. म्हणजे काय, तर पाण्यात सेन्सर बसवायचे, ते खारटपणा मोजणार, मोबाईलवर हिरवा, पिवळा, लाल असा रंग दिसणार, आणि लाकडी फळ्यांच्या जागी मोटरचं फाटक. रंग हिरवा आणि शेत कोरडं असेल तर फाटक भरतीला आपोआप उघडणार. माणसाने चिखलात उतरायचं कामच नाही. हे सगळं मी मारुतीच्या देवळासमोर प्रोजेक्टर लावून समजावून सांगितलं. शेवटी विचारलं, काही शंका? काका म्हणाले, "याला जेवन काय?" मी म्हटलं, सूर्यावर चालतं. "मंग बरं हाय. आमच्यासारखं नाय."

काकांची आणि त्या यंत्राची गंमत सांगायलाच हवी. पहिल्या जोरदार पावसात माझ्या स्क्रीनवरून सेन्सर गायब झाला. मी धावतपळत गेले तर सेन्सर काकांच्या ओटीवर, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेला. "पानी बग केवरा परतंय! भिजला असता ना." मी कपाळावर हात मारला. "काका, तो पाण्यातच राहायला बनवलाय हो!" ते इतके ओशाळले की मलाच कसंतरी झालं. आतून त्यांची बायको, गोदाकाकी, हसत हसत चहा घेऊन आली. "मी सांगितला त्यांना, बाय. आयकतील तं शपथ." पण ऑफिसातल्या आमच्या साहेबांना ही गोष्ट अजिबात आवडली नाही. त्यांनी फाटक हाताने उघडायच्या-मिटायच्या हँडलला लोखंडी पेटी बसवून घेतली, तिला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या ताब्यात दिली. गावातलं कोणी हात लावू नये म्हणून. मीही ती निमूटपणे पर्समध्ये टाकली.

मग दुसरी अडचण आली. यंत्र सारखं लाल दाखवायला लागलं. पुस्तकातली मर्यादा घातलेली, ती फार कडक. जरा कुठे भरती चढली की मोबाईल बोंबलायचे. लोक वैतागले. "तुजं यंत्र लय भित्रं हाय," काका म्हणाले. साहेबांना ते वाक्य भयंकर आवडलं आणि त्यातून त्यांना कल्पना सुचली. पुस्तक राहू दे बाजूला, मर्यादा काकांच्या जिभेवरून ठरवू. यंत्राला त्यांची चव शिकवू. पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान आणि नवं तंत्रज्ञान! खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. आपण काहीतरी मोठं करतोय असं मला वाटलं.

दोन खोके भरून बाटल्या नेल्या. गोड्या पाण्यापासून भर खाडीच्या पाण्यापर्यंत वेगवेगळ्या खारटपणाच्या, प्रत्येकीवर नंबर. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, समोर कॅमेरा लावला. काका नवा शर्ट घालून आलेले, डोक्याला चौकड्यांचा रुमाल बांधलेला. बाटल्या बघून म्हणाले, "एवढ्या? मी काय करतंव, घरी नेतंव. उद्या सगल्यांचं सांगतंव."

"नाही काका, नमुने इथून हलवायचे नाहीत. आत्ताच, माझ्यासमोर."

"बरं." ते दाराकडे बघायला लागले. "मंग हिला बसू दे बाजूला. सोबत."

काकी दारात उभीच होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी तिला म्हटलं, "काकी, तुम्ही जरा बाहेर थांबा हं. परीक्षा आहे ही, मदत चालत नाही." मी हसत हसत म्हटलं. ती हसली नाही. काकांकडे बघत राहिली आणि मग गेली. मधे दोनदा चहा घेऊन आली, दोन्ही वेळा मी कप दारातच घेतला.

काकांनी एकेक बाटली चाखली. तेच डोळे मिटणं, तेच गाल फिरवणं. पण उत्तर देण्याआधी ते माझ्या तोंडाकडे बघायचे. मी बरी सावध, चेहरा दगडासारखा ठेवलेला. गोड. गोड. मचूळ. गोड. काही नंबरांना माझ्या मनात आलं, बाई गं, हे आणि गोड? पण लगेच वाटलं, आपण नळाचं पाणी पिणारी माणसं, आपल्याला काय कळणार. सगळ्या बाटल्या झाल्यावर ते घामाने निथळत होते. मी म्हटलं, "काका, पास!" त्यांनी विचारलं, "आता यंत्राला समजंल ना सगलं? मना परत चाखायला नको ना?" मी म्हटलं, कध्धीच नको. त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं, दमले बिचारे. त्या मर्यादेला आम्ही 'हिरामण मर्यादा' असं नाव दिलं, आणि ॲप उघडलं की आधी काकांचा फोटो आणि खाली त्यांचं वाक्य यायचं. आधी चाख, मग बोल. साहेबांनी 'मंग'चं 'मग' करून घेतलं.

पहिल्या वर्षी पाऊस शेवटपर्यंत चांगला लागला. खाडी गोडच राहिली, फाटक वेळेवर उघडलं-मिटलं, भात घरात आलं. सगळं श्रेय यंत्राला. ठाण्याला एका हॉलमध्ये मोठा कार्यक्रम झाला, काका-काकींना गाडी पाठवून आणलं. शाल, नारळ, फुलं. भाषणाच्या शेवटी साहेबांना लहर आली. काकांच्या समोर पाण्याचे दोन ग्लास ठेवले, त्यातल्या एकात त्यांनी आधीच मीठ टाकलेलं. "ओळखा, काका!" सगळा हॉल मान उंच करून बघायला लागला. काकांनी पहिला ग्लास चाखला, दुसरा चाखला. दोन्ही खाली ठेवले आणि हात जोडले. "दोनी गोड. पावन्यांच्या घरचं पानी खारं कसं बोलू?"

काय टाळ्या पडल्या! साहेबांनी त्यांना मिठी मारली. माझं तर शिट्टी वाजवायचंच बाकी होतं. माझ्या शेजारी गोदाकाकी बसलेली. ती शालीचं टोक मुठीत आवळून जमिनीकडे बघत होती. मी तिला कोपराने ढोसून म्हटलं, "काकी, काका हजरजबाबी आहेत हं तुमचे!" ती म्हणाली, "हं." मला वाटलं एसी लागतोय.

पुढच्या वर्षी पाऊस गणपतीत गेला तो गेलाच. भात ऐन पोटरीत, शेतं कोरडी पडायला लागलेली. गोदाकाकी त्याच दिवसांत मोहने गावात मुलीकडे गेलेली, मुलीचं बाळंतपण होतं. माझ्या स्क्रीनवर हिरवा रंग. यंत्राने ठरवल्याप्रमाणे सकाळच्या भरतीला फाटक उघडून पाणी आत घेतलं. गावातले लोक खूश. मला तीन जणांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

दुपारी काकांचा फोन आला. मी ऑफिसात मीटिंगमधे होते.

"पोरी, दार बंद कर. पानी खारं हाय."

"काका, इथे हिरवं दिसतंय. तुम्ही आहात कुठे?"

"मोहन्याला. हिच्याकरं. बाटली आनलीय मी."

माझं डोकं फिरलं. "मोहन्याला जाऊन चाखलंत? मग सकाळी खाडीवरच का नाही चाखलं?"

मागे तान्हं मूल रडत होतं. मी पुन्हा म्हटलं, "तुम्ही स्वतः चाखलंत का?"

"चाखलं."

"सकाळी गावात गोड आणि दुपारी मोहन्यात खारं? काका, मर्यादा तुमच्याच जिभेची आहे. तुम्हीच गोड म्हणालात म्हणून आम्ही ती घातली ना?"

मग काकीने फोन घेतला. "बाय, मी सांगतंय तुला. तुज्या पाया परतंय. बंद कर."

आणि मी, डोंबिवलीच्या शाळेत पहिली आलेली मी, तिला काय म्हटलं असेल? "काकी, हे टेक्निकल आहे. तुम्ही नका काळजी करू. मी मीटिंग झाली की बघते." मीटिंग संपायला संध्याकाळ झाली. मी स्क्रीन पुन्हा उघडली, हिरवंच होतं. उद्या सकाळी जाऊन येते असं मनाशी म्हटलं. काका बिचारे मोहन्याहून रिक्षा करून परत गेलेले, फाटकापाशी उभे राहिलेले. हँडलच्या पेटीला कुलूप. दगडाने ठोकून बघितलं, तुटलं नाही. किल्ली माझ्या पर्समधे, लिपस्टिकच्या शेजारी. त्यांच्या डोळ्यांसमोर पुढची भरतीही आत आली.

सकाळी मी हातातला मीटर घेऊन गेले. आकडा बघितला आणि बांधाच्या कडेला बसले. पुस्तकातल्या मर्यादेच्या कितीतरी वर. मी बोट बुडवून जिभेला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. कोणालाही कळलं असतं हो! लहान मुलालाही कळलं असतं.

काका माझ्या बाजूला येऊन बसले. म्हणाले, "करोनापासून मना चवच नाय, पोरी. मीठ नाय, साकर नाय. सगलं मातीसारखं."

मला आधी कळलंच नाही ते काय सांगतायत. मग खिशातली ती औषधाची बाटली आठवली. उद्या सकाली सांगतंव.

"काकी चाखायची?"

"हां. चुलीपाशी. मी उबा रायचंव, ती चाखायची. तिची जीभ माज्यापेक्षा चांगली. मी सकाली येऊन बोलायचंव." ते खाडीकडे बघत होते. "गावाला सांगितलं असतं तर उघारी काढून घेतली असती. माज्या बापाची जागा. त्यांनी कोनाला दिली असती? कोनाला येतंय? बायकोच्या जिबंवर कोन भरोसा ठेवतंय?"

"पण मला तरी सांगायचं, काका! त्या बाटल्यांच्या वेळी तरी!" मी ओरडलेच. मला रडू यायला लागलेलं.

"मना वाटलं, तुजं यंत्र मना तपासतंय. मी चुकलो तर ते बोलंल. येवरं शिकलेलं यंत्र." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी त्याच्यावर भरोसा ठेवला आनि तू माज्यावर. बरं वाटलेलं मना. माजी गेली तरी त्याला ईल चव, असं वाटलेलं."

आठ दिवसांत भाताचे शेंडे पांढरे पडले. लोंब्या बाहेर आल्या त्या हलक्या, चिमटीत धरल्या की नुसतं फोलपट. कोणी आरडाओरडा केला नाही, हेच फार भयंकर होतं. मी शिव्या खायच्या तयारीने गेलेले. तरुण मुलं म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, होतं असं." त्यांच्या तोंडावर दुःख नव्हतं, सुटल्यासारखं दिसत होतं. काका म्हणाले होते तसंच झालं, त्यांना निमित्त मिळालं. मी पोटतिडकीने सांगितलं, पाऊस मीठ धुऊन नेतो, दोन-तीन वर्षं कळ काढा. एकाने मला प्रेमाने समजावलं, "तुम्ही काढाल का मॅडम?" दिवाळीनंतर सह्या झाल्या.

ऑफिसात मी साहेबांना एवढंच सांगितलं की मर्यादा चुकली. काकांचं गुपित मी फोडलं नाही. "कोणाच्या नावावर टाकू चूक?" त्यांनी विचारलं. माझ्या टाका, म्हटलं. त्यांनी टाकली. समोर बसलेल्या मुलाने पाच मिनिटांत आकडा बदलला. पाच मिनिटांचं काम होतं ते. फोटो आणि वाक्य मात्र राहू दिलं, लोकांना आवडतं म्हणून. मला काही शिक्षा झाली नाही. मला दुसऱ्या जिल्ह्यात द्राक्षांच्या कामावर टाकलं, आणि मी अजून त्याच नोकरीत आहे. रोज ते ॲप उघडते, रोज काका माझ्याकडे बघून सांगतात, आधी चाख.

भराव पडायला लागला तेव्हा काका रोज बांधावर जाऊन बसायचे. डंपर येऊन राडारोडा ओतायचे, उघाडी त्यातच गाडली गेली. मी एकदोनदा गेलेले, त्यांच्या शेजारी बसलेले. माफी मागायला गेलेले, पण ते मागू देत नसत. "तुला काय म्हाईत होतं?" म्हणायचे. मला माहीत होतं, काका. दोन माणसांनी फोनवर मला सांगितलं होतं. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. एकदा त्यांनी जमिनीवर पडलेला विटेचा चुरा उचलला, सवयीने जिभेपर्यंत नेला आणि तसाच खाली टाकला.

घराच्या बदल्यात त्यांना त्याच जागेवरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. खिडकीतून खाडीची एक चिंचोळी पट्टी दिसते. गेल्या उन्हाळ्यात काका बाथरूममधे पडले आणि मग उठलेच नाहीत. मुलीचा फोन आला, बाबा तुमचं नाव काढतायत. मी रविवारी दुपारी गेले. हॉलमधे गाद्या घातलेल्या, नातेवाईक, शेजारी, सगळं गाव दाटीने बसलेलं. काका एवढेसे झाले होते. मला ओळखलं की नाही कोण जाणे. ओठ कोरडे पडून चिरलेले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "गंगाजल घाला तोंडात, वेल झाली."

कोणीतरी तांब्याच्या गडूतून पाणी आणलं, वर तुळशीचं पान. गोदाकाकी उशाशी बसलेली, तिच्या हातात चमचा दिला. तिने चमचा भरला, आणि काकांच्या तोंडाकडे न नेता तो स्वतःच्या तोंडाला लावला. घोट गालात फिरवला. डोळे मिटले. आख्खा हॉल हबकला. "अगो बय, उष्टं केलंस!" दोघीतिघी ओरडल्या. "दुसरं आन गो, ते टाक!" एकीने गडू ओढायला हात पुढे केला.

काकीने गडू छातीशी धरला. मोहन्याहून त्या दिवशी फोनवर माझ्या पाया पडणारी बाई ती, आज कोणाकडे बघत नव्हती. तिने चमचा पुन्हा त्याच पाण्यात बुडवला आणि काकांच्या कानाशी वाकली. "गोड हाय," ती म्हणाली. "मी चाखलंय. घ्या तुमी."

काकांनी तोंड उघडलं.